नळीचे टोक

चहा उंचावरून ओतता येणे ही मी आजवर माझी एक कला समजत आलो होतो. थेंबही न सांडता फेसाळ धार सोडली की पाहुणे खूश होतात. या कलेने उत्तनच्या एका मावशींच्या घरी माझी फजिती केली. ती नुसती माझीच झाली असती तर मी हे लिहिलेही नसते.

उत्तन म्हणजे आमच्या भाईंदरचे समुद्राला टेकलेले टोक. मावशी ईस्ट इंडियन. त्यांच्या तोंडची मराठी ऐकायला मी, मराठी शिकवून पोट भरणारा माणूस, वरचेवर जातो. फाल्गुनात त्या काळी द्राक्षे चुरडून चिनी मातीच्या बरणीत घालतात. साखर, खमीर, मूठभर गहू. पहिले काही दिवस लाकडी डावाने रोज ढवळायचे, कारण खमिराला वाढीसाठी प्रथम हवा लागते. गंमत अशी की, पुढे तीच हवा त्या रसाची वैरीण होते!

एकविसाव्या दिवशी वाइन बाटल्यांत भरायची होती. ती नाताळासाठी, आणि त्याच आठवड्यात होणाऱ्या धाकट्या लेकीच्या लग्नासाठी. मावशींनी रबरी नळीचे एक टोक गाळाच्या वर धरले, दुसरे बाटलीच्या अगदी तळाशी टेकवले. खळखळ नाही, फेस नाही. बाटली गळ्यापर्यंत भरली की बूच. तीन बाटल्या झाल्या आणि होडी आल्याची हाक आली. "भराल ना मास्तर?" म्हणून त्या गेल्या.

नळीचे काम फारच संथ वाटले. मी नरसाळे घेतले, तपेली उचलली आणि चहासारखी झकास धार सोडली. बाटल्याही खांद्यापर्यंतच भरल्या. पुरवायच्या होत्या ना!

डिसेंबरात बुचे निघाली तेव्हा घरभर शिरक्याचा वास सुटला. हवेवर जगणारे जंतू मद्यार्काचा शिरका करतात. लुई पाश्चरने १८६६ साली वाइनच्या अशा विकारांवर आख्खे पुस्तक लिहिले आहे. मी ते प्रकरण नंतर समजून घेतले, म्हणजे उशिराच. अमेरिकेत माझा भाचा घरी बिअर करतो. तो पोलादी पिंप आधी पाण्याने काठोकाठ भरतो, ते पाणी कार्बन डाय-ऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलतो, आणि मग तळाकडून हळूच बिअर आत सोडतो. हवा लागली तर म्हणे बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. मावशींजवळ तो वायू नव्हता. नळी होती आणि धीर होता.

लग्नात तीनच बाटल्या चालल्या, घोट घोट वाटून. "यंदा द्राक्षंच वाईट होती," मावशी पाहुण्यांना सांगत होत्या. मी मान डोलावली. ती मान आजही मला बोचते.

पुढल्या फाल्गुनात त्यांनी माझ्या हाती नळी दिली, तिचे टोक स्वतः बाटलीच्या तळाशी टेकवले आणि म्हणाल्या, "मास्तर, चहा मागून देते."