बिल्ल्यावरचा आकडा

परवा शनिवारी ऑफिसातल्या मित्राबरोबर डेट्रॉइटजवळ एक जुनी गाडी बघायला गेलो. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल. पुढच्या मडगार्डवर झळाळता बिल्ला, 'एसएस ३९६'. मित्र विरघळलाच! तीन वर्षांची बचत घालायला तयार.

मी आदल्या रात्री थोडा अभ्यास करून गेलो होतो. गंमत म्हणजे, १९७० च्या मॉडेलला सिलिंडरचा व्यास वाढवून इंजिन ४०२ क्यूबिक इंचांचं केलं, पण ३९६ हे नाव लोकांच्या तोंडी बसलेलं, म्हणून बिल्ला तोच ठेवला. आमच्यासारखंच, कोड बदलला तरी व्हर्जन नंबर जुनाच! थोडक्यात, अस्सल गाडीवरचाच आकडा चुकीचा. कुणी शहाण्याने 'दुरुस्त' करून ४०२ लावला, तर ती छेडछाड.

पण बिल्ला बरोबर म्हणून गाडी अस्सल, असंही नाही. १९६६ ते १९६८ मध्ये एसएस ३९६ चा व्हीआयएन १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं, त्यामुळे नंबरावरून काही कळत नाही. आणि बिल्ले काय, आजही नवे कोरे विकत मिळतात.

खरा पुरावा म्हणजे कारखान्यातलं बिल्ड शीट. ते कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांमध्ये सापडतं. इथे नव्हतं. मालक म्हणाला, बिल्ला दिसतोय ना?

मी मित्राला नको म्हणालो. परतताना तो गप्प होता, मलाही वाईट वाटत होतं.

असो. सोमवारी गळ्यात आयकार्ड अडकवलं. त्यावर 'सीनियर' लिहिलंय. माझं बिल्ड शीट कुणी मागितलं तर?