काटकोनाची पाटी: विकतची की घरची?

संसारात लागणारी वस्तू विकत आणावी की घरी करावी, हा प्रश्न आपल्या गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आल्या आहेत. शेवया घरी होतात. काडेपेटी मात्र कोणी घरी करीत बसत नाही. कोणत्या वस्तूत आपले कौशल्य ओतावयाचे आणि कोणत्या वस्तूत नुसता पैसा, हे त्या न शिकता जाणतात. सुताराच्या हत्यारांविषयी मात्र हा विवेक अलीकडे सुटत चालला आहे, असे मला वाटते. ज्या प्रसंगामुळे असे वाटले तो सांगतो.

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील आमच्या भागात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कारागिरांत दखनी, अशा तिन्ही भाषा एकाच दिवसात कानी पडतात. सुताराचा ‘रंधा’ आणि काटकोन पाहावयाचा ‘गुण्या’ हे दोन्ही शब्द मूळचे फारसी. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाचे कोरीव लाकडी खांब ज्यांनी पाहिले असतील, त्यांस ह्या मुलखात लाकूडकामाची परंपरा किती जुनी आहे हे निराळे सांगावयास नको. असो.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मामाच्या हाताखाली सुतारकाम शिकला. चौकटी, दारे, देव्हाऱ्यासारख्या पेट्या तो बरा करतो. गेल्या हिवाळ्यात त्यास तसबिरींच्या चोवीस चौकटींचे काम मिळाले. पहिल्या चार चौकटी गिऱ्हाइकाने परत पाठविल्या. तीन कोपरे मिळत आणि चौथ्यात फट राही. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर परदेशी बनावटीच्या एका ‘शूटिंग बोर्ड’चे व त्यासोबतच्या खास रंध्याचे चित्र. भाव त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईहून अधिक. आईच्या बचतगटातून कर्ज काढावयाचे त्याने जवळजवळ ठरविले होते. “फादर, आपण सेमिनरीत सुतारकाम शिकलात ना? हे घेऊ का?” त्याने विचारले. मी शिकलो होतो हे खरे. आमच्या कार्यशाळेतील ब्रदरांनी माझ्याकडून अशी पाटी करून घेतली होती.

‘शूटिंग’ म्हटले की आपल्याला सिनेमा आठवतो, नाही तर बंदूक. इंग्रज सुतारांच्या बोलीत फळीची कड रंध्याने सरळ करण्यालाच हा शब्द आहे, म्हणून पाटीचे हे नाव. वस्तू अगदी साधी. खाली एक रुंद फळी, तिच्यावर तिच्याहून अरुंद दुसरी फळी, आणि वरच्या फळीवर आडवी ठोकलेली एक पट्टी. जेथे खालची फळी उघडी राहते, ती रंध्याची वाट. रंधा कुशीवर आडवा पाडून त्या वाटेने ढकलावयाचा. तासावयाचे लाकूड आडपट्टीला टेकवून धरावयाचे. करवतीने कापलेले टोक असे एकेक पातळ छिलका निघत काटकोनात येते. टोकाशी लाकडाच्या शिरा तुटलेल्या असतात, त्यामुळे मोकळ्या हाताने रंधा मारला तर मागच्या कडेचा टवका उडतो. येथे आडपट्टी मागून आधार देते, म्हणून तो उडत नाही. आणि समोरासमोरच्या दोन पट्ट्या तंतोतंत एका लांबीच्या करावयाच्या, तर करवतीला केसाएवढे कापता येत नाही, रंध्याला येते.

मी त्यास आधी चौथ्या कोपऱ्याचे गणित सांगितले. एका चौकटीत आठ छेद, प्रत्येक ४५ अंशांचा. प्रत्येक छेद अर्ध्याच अंशाने एकाच बाजूस चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची चूक साचते. दोन इंच रुंदीच्या पट्टीवर ती फट जवळजवळ ५ मिलिमीटर होते. तीन कोपरे आपण दाबून मिळवितो आणि चौथा सगळ्यांचा हिशोब मांडतो. त्याचा हात वाईट नव्हता. त्या हाताला टेकावयास काही नव्हते.

आता विकत घ्यावे की करावे? विकतच्या धातूच्या पाटीला पावसाळा बाधत नाही, हा तिचा मोठा गुण. तिच्याबरोबरचा रंधा जड असतो, काही रंध्यांचे पाते तिरकस बसविलेले असते, त्यामुळे टोकाचे कठीण लाकूडही सहज कापते. ज्या कारखान्यात दररोज शेकडो टोके तासली जातात किंवा जेथे वीस मुले एकाच पाटीवर शिकतात, तेथे ती घेण्यास माझी हरकत नाही. पण ती पाटी उंच मेजावर काम करणाऱ्यासाठी घडविलेली आहे. आपला सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाने दाबून धरतो. त्याला पाटीच्या पुढे भिंत हवी किंवा पाय अडवावयास ठोकळा हवा. हे दुकानात मिळत नाही. शिवाय ह्या वस्तूत पैसा देऊन जे मिळवावयाचे ते काय? एक काटकोन. आणि काटकोन ही विकत घ्यावी लागणारी वस्तू नव्हे. आमचे गवंडी तो सुतळीने काढतात.

हे त्यास पटावयास वेळ लागला. “घरी केलेली पाटी अचूक आहे हे कळणार कसे?” हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. वरच्या फळीच्या कडेवर एका बिंदूपासून ६ इंच मोजा, त्याच बिंदूपासून आडपट्टीच्या रेषेवर ८ इंच मोजा. दोन्ही टोकांमधील अंतर १० इंच भरले की कोन बरोबर. मग पडताळा. एकाच रुंदीच्या दोन पट्ट्यांची टोके तासा, त्यांपैकी एक उलथी करा, दोन्ही सरळ कडेला लावून टोके एकमेकांस भिडवा आणि उजेडाकडे धरा. कोनात चूक असेल तर ती येथे दुप्पट होऊन दिसते. चूक लपविण्याऐवजी मोठी करून दाखविणारी ही परीक्षा आहे, आणि तिला एका पैशाचे उपकरण लागत नाही. गुण्याचीही परीक्षा अशीच होते: रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारा.

दोन संध्याकाळांत पाटी झाली. बुडाला व वर पाऊण इंची प्लायवूड, कारण त्याचे थर एकमेकांस आडवे असल्याने ते सपाट राहते. साधी फळी पावसाळ्यात रुंदीने फुगते, लांबीने जवळजवळ मुळीच नाही. आडपट्टी जुन्या दाराच्या वाळलेल्या सागवानाची. ती सरसाने चिकटवू दिली नाही, दोन स्क्रूंनीच बसविली. एक घट्ट आणि दुसरा कोन जुळल्यावर आवळावयाचा. जून महिन्यात पाऊस लागला की ती पुन्हा तपासावी लागते. वरच्या फळीच्या खालच्या कडेला बारीक उतार दिला, म्हणजे भुसा कोपऱ्यात दाटून रंधा ढळत नाही. वाटेवर चर्चमधील मेणबत्त्यांची थोटके घासली. ४५ अंशांसाठी चौरस फळीचा तुकडा कर्णावर कापून आडपट्टीला लावला. नक्षीची पट्टी उलथी करता येत नाही, म्हणून तिच्या चौकटीसाठी उजवा व डावा असे दोन तिरके आधार लागतात. त्याच्या चौकटी सपाट पट्टीच्या होत्या, म्हणून एकावर निभावले.

पहिल्याच फटकाऱ्यात रंध्याने पाटीची कड तासली तेव्हा तो दचकला. प्रत्येक जण येथे दचकतो आणि पुष्कळ जण येथेच पाटी टाकून देतात. रंध्याचे पाते तळाच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वरच्या फळीच्या कडेवर खाली एक बारीक पट्टा न तासलेला राहतो. तळ त्या पट्ट्यावर टेकला की कड तासणे आपोआप थांबते, आणि पुढे तोच पट्टा रंध्याला वाट दाखवितो.

कर्जाचा विचार राहिला. पण थोडा पैसा मी त्यास खर्च करावयास लावलाच: एक चांगला पोलादी गुण्या आणि धारेसाठी चांगला दगड. पाते बोथट असेल तर कोणतीही पाटी, मग ती सोन्याची का असेना, टोक चिरडते. रंधा त्याचा जुनाच, पंजाबी बनावटीचा. त्याची कूस तळाशी पुरती काटकोनात नव्हती. ती उणीव पाते जरासे कलते बसवून भरून काढली.

परत आलेल्या चारही चौकटी किंचित लहान करून पुन्हा जुळविल्या, आणि गिऱ्हाइकाने त्या लहान मापातच ठेवून घेतल्या. उरलेल्या वीस फेब्रुवारीत गेल्या.

मामांस हे सारे पोरखेळ वाटत होते. त्यांनी आयुष्यभर बैलगाड्या आणि तिफणी केल्या, त्यांचा गुण्या त्यांच्या डोळ्यांत. एका दुपारी भाचा घरी नसताना ते पाटीपाशी बसले, दोन टोके तासली, उजेडाकडे धरून पाहिली आणि काही न बोलता उठले. आठ दिवसांनी त्यांनी भाच्याजवळ दुसरी पाटी मागितली, पण वाट डाव्या बाजूस असलेली, कारण मामा डावरे आहेत. प्लायवूडचा उरलेला तुकडा पुरेल. आडपट्टीसाठी चिंचेचे लाकूड त्यांनी स्वतःच शोधून वाळत ठेवले आहे.