पेंड मोडते कुठं?

पोत्यावर प्रथिनांचा टक्का मोठा दिसला की आमच्या आटपाडीकडं पेंड हातोहात खपते. माझे चुलते, तात्या, मात्र पोत्यापेक्षा गाईवर भरवसा ठेवणारे. ‘‘पोती समदी सारखंच बोलत्यात लेका, मग गाय का येगळं बोलती?’’ असं ते मला विचारायचे. शिरवळहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी पशुपोषणाच्या पुढच्या शिक्षणाला गेलो, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अक्षरशः हाताला लागलं.

तिथं एका बैलाच्या डाव्या कुशीला रबरी झाकण बसवलेलं होतं. शस्त्रक्रिया जुनी, जखम भरलेली. बैल निवांत रवंथ करायचा. झाकण काढलं की आतून ऊन वाफ यायची आणि तो आंबूस वास. साबणानं कितीही हात धुवा, जेवणाच्या ताटापर्यंत सोबत करायचा. कोपरापर्यंत हात घातला की वर चाऱ्याचा चटईसारखा घट्ट थर लागे, खाली सगळं पातळ. हेच कोठीपोट.

त्यात आम्ही नायलॉनच्या पिशव्या सोडायचो. वीण इतकी बारीक, की छिद्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. सूक्ष्मजीव आत शिरतात, पेंडेचे कण सहसा बाहेर सांडत नाहीत. दळलेली पेंड तोलून भरायची आणि 2, 4, 8, 12, 24, 48 तासांनी पिशव्या काढायच्या. पाणी नितळ येईपर्यंत धुवायच्या, वाळवायच्या, उरलेल्या ऐवजातला नायट्रोजन मोजून 6.25 नं गुणायचा. की न मोडलेलं प्रथिन कळलं. रात्री दोनची पिशवी काढायला कोण उठणार, यावरून वसतिगृहात वाद ठरलेला.

शेंगदाणा पेंडेतलं प्रथिन बारा तासांत बहुतेक संपलेलं असे. सरकी पेंड त्या मानानं सावकाश. मक्याच्या ग्लुटेनमधलं चोवीस तासांनीही बरंच शिल्लक.

पण पिशवी पोटात बांधलेली असते, पेंड नसते. ती पुढं सरकतच राहते. स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेतल्या ऑर्स्कोव्ह यांनी मॅकडोनाल्ड यांच्यासोबत 1979 साली हे दोन्ही वेग एका सूत्रात बसवले. लगेच विरघळणारा भाग वेगळा काढायचा. उरलेला, सावकाश मोडणारा भाग ताशी 5 टक्के वेगानं मोडत असेल आणि ताशी 5 टक्के वेगानंच पुढं सरकत असेल, तर त्यातला निम्मा मोडतो, निम्मा तसाच निसटून पुढच्या पोटात जातो. या निसटणाऱ्या प्रथिनालाच बाजारात ‘बायपास’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

मोडणं म्हणजे वाया जाणं, असा समज विक्रेत्यांनी पसरवला आहे. तो मला पटत नाही. मोडलेल्या प्रथिनाचा अमोनिया होतो, त्यातून कोठीपोटातले सूक्ष्मजीव स्वतःचं प्रथिन बांधतात आणि पुढं तेच गाईच्या अंगी लागतं. अमोनिया जास्त झाला, किंवा सूक्ष्मजीवांना सोबत ऊर्जा मिळाली नाही, तर मात्र तो रक्तातून यकृतात जातो आणि युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. तात्यांच्या भाषेत, पैसं मुतात.

आता आमच्या माणदेशातली दावण बघा. शाळूचा कडबा, त्यात प्रथिन जेमतेम तीन-चार टक्के. दुष्काळात छावणीतलं उसाचं वाढं, तेही तसंच रोडकं. असल्या चाऱ्यावर गाईच्या आधी तिच्या पोटातले सूक्ष्मजीवच उपाशी असतात आणि ते उपाशी राहिले की कडबाही धड पचत नाही. त्यांना पोटातच मोडणारं प्रथिन हवं. निसटून जाणारं त्यांच्या काय कामाचं?

म्हणून तात्यांना मी सांगितलं तेच इथंही सांगतो. कडब्यावरच्या, चार-पाच लिटर दुधाच्या गाईसाठी बायपासची महाग गोणी आणू नका. साधी पेंड, सोबत ऊर्जेसाठी थोडा भरडा, आणि दिवसाची पेंड एकदम न ओतता दोन-तीनदा विभागून द्या. वीस लिटरच्या संकरित गाईला नुसतं सूक्ष्मजीवांचं प्रथिन पुरत नाही, तिथं बायपासचे पैसे वसूल होतात. तिथं खुशाल घाला.