सिंधुदुर्गाच्या पाण्याखालीं

मालवणास जाणारा मराठी प्रवासी तेथील समुद्राकडे प्रथम पाहतो तो सिंधुदुर्गासाठीं. कुरटे बेटाच्या खडकावर १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं या जलदुर्गाचा पाया घातला आणि सुमारें तीन वर्षांत तो उभा राहिला, हें आपल्या घरांतील शाळकरी मुलेंहि सांगतील. तट नागमोडी, त्याचा घेर जवळजवळ दोन मैलांचा. आणि चोहोंकडे खारें पाणी असतां आंत मात्र दूधबाव, साखरबाव व दहींबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. मालवणच्या धक्क्यावरून होडींत बसावें, तट फिरून पाहावा, शिवराजेश्वराच्या मंदिरांत नमस्कार करावा आणि परत येऊन गार सोलकढी प्यावी, असा पूर्वींपासूनचा परिपाठ.

अलीकडे या परिपाठांत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पाठीवर हवेचें सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशीं जावयाचें, यास स्कूबा डायव्हिंग म्हणतात. आणि मालवण, तारकर्ली व देवबाग या गांवांत त्याच्या पाट्या आतां घराघरांवर दिसतात. पूर्वीं मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील कित्येक तरुण या नव्या धंद्यांत शिरले आहेत. पावसाळ्याचे महिने समुद्र खवळलेला असतो म्हणून हा व्यवसाय बंद असतो. पुढें हिंवाळ्यांत पाणी निवळलें कीं प्रवाशांची रीघ लागते. येथील समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. खडकांच्या आश्रयानें पोवळ्यांच्या लहानमोठ्या वसाहती आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं रंगीबेरंगी माशांचे थवे फिरत असतात.

गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों होतों. मंडळींत आमचे वडीलबंधु, वहिनी, कॉलेजांत जाणारे दोन पुतणे आणि आम्ही, असे पांचजण. दादांचें वय पंचावन्न, प्रकृति खणखणीत. बालपण सांगलीच्या घाटावर गेलेलें, त्यामुळें कृष्णेचें पाणी त्यांस घरच्या ओसरीसारखें. वहिनींस मुळींच पोहतां येत नाहीं. अर्थात् होडींत बसतांना सर्वांस काळजी वाटत होती ती वहिनींची. दादांविषयीं कोणाच्याहि मनांत शंका नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या मनांत तर नव्हतीच.

निघण्यापूर्वीं एक प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागते. दमा, फेफरें, हृदयविकार, कानाचें दुखणें, ताजी सर्दी, गर्भारपण, यांपैकीं कांहीं असल्यास पाण्यांत उतरूं नये असा नियम आहे. होडी किल्ल्याच्या बाजूस नांगरल्यावर बरोबरच्या पाणबुड्यांनीं आम्हांस थोडकें शिक्षण दिलें. नाक मास्कच्या आंत झांकलेलें असतें. श्वास घ्यावयाचा व सोडावयाचा तो तोंडांत धरलेल्या रेग्युलेटरमधून. सिलिंडरांत पुष्कळजण समजतात तसा निव्वळ प्राणवायु नसून आपली नेहमींचीच हवा दाबून भरलेली असते. श्वासाच्या मागणीप्रमाणें ती पुरविणारें उपकरण फ्रान्समधील झाक कुस्तो व एमिल गान्यां या दोघांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें, आणि तेव्हांपासून हा मार्ग सामान्य माणसास खुला झाला. पाण्याखालीं बोलतां येत नाहीं म्हणून खुणा शिकाव्या लागतात. आंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ केलें म्हणजे ‘ठीक आहे’. पंजा आडवा धरून हलविला म्हणजे ‘कांहींतरी बिघडलें’. आणि आंगठा वर केला म्हणजे, आपण घरीं समजतों तसें ‘छान’ नव्हे, तर ‘मला वर न्या’.

पाण्याखालील जग इंद्रियांस चकविणारें आहे, हें तेथें गेल्यावांचून कळत नाहीं. मास्कच्या कांचेंतून प्रत्येक वस्तु आहे त्याहून जवळ व सुमारें एकतृतीयांशानें मोठी दिसते. तांबडा रंग सर्वांआधीं मावळतो आणि सगळ्यांवर निळसर-हिरवी छाया पडते. पाण्यांत ध्वनि हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवतो, त्यामुळें आवाज कोणत्या बाजूनें आला तें कानांस उमगत नाहीं. ऐकूं येतो तो मुख्यतः आपलाच श्वास, आणि तोहि मोठ्यानें. जन्मापासून ज्या खुणांवर मन विसंबून राहिलें, त्या सर्व एकाएकीं बदलतात. अशा वेळीं धैर्यवान माणसाच्याहि मनांत अस्वस्थता उद्भवली तर नवल नाहीं.

आठ-दहा फूट उतरलों असूं नसूं, इतक्यांत दादांच्या मास्कमध्यें थोडेंसें पाणी शिरलें. नाकास खारें पाणी लागतांच त्यांचा श्वास बदलला. तोंवर बुडबुडे थांबून थांबून वर जात होते. आतां त्यांची अखंड धार लागली. डोळे विस्फारले, पाय शिडी चढावी तसे खालींवर होऊं लागले, आणि उजवा हात तोंडांतील रेग्युलेटर काढून टाकण्यासाठीं वर आला. ज्या वस्तूवर त्या क्षणीं प्राण अवलंबून, तीच भिरकावून द्यावी असें त्यांस वाटत होतें! बरोबरच्या तरुणानें एका हातानें रेग्युलेटर जागच्या जागीं दाबून धरला, दुसऱ्यानें दंड पकडला, आपलें तोंड दादांच्या तोंडासमोर आणलें, आणि हात हळूहळू पुढें नेऊन ‘श्वास लांब सोडा’ अशी खूण पुन्हां पुन्हां केली. मग त्यांस सावकाश वर आणलें. वर येतांच त्याचे पहिले शब्द होते, “काकानू, भियाव नकात, मी असंय मां.”

आम्ही नांगराच्या दोरास धरून जवळच होतों. तें दृश्य पाहतांच आमच्याहि छातींत धडधड सुरू झाली आणि हवा पुरत नाहींशी वाटूं लागली. भीति ही अशी साथीच्या रोगासारखी पसरते. दोर घट्ट धरून, समोरच्या एकाच खडकावर दृष्टि रोखून, आम्ही श्वास सोडतांना सहापर्यंत अंक मोजूं लागलों. सात-आठ श्वासांनंतर छाती शांत झाली. इकडे वहिनी मात्र तळाशीं पट्ट्यापट्ट्यांच्या माशांमागें बोट दाखवीत पंधरा मिनिटें रमल्या होत्या.

परततांना होडींत कोणी बोललें नाहीं. धाकट्या पुतण्याच्या ओंठांवर विनोद आलेला दिसला. परंतु वहिनींनीं त्याच्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं तो ओंठांवरच विरला. ज्यांच्या शब्दावर घर चालतें, त्यांस घरच्या मुलांदेखत भय वाटावें, याचें दुःख केवढें असतें तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नको.

वस्तुतः यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. अमेरिकेंतील विल्यम मॉर्गन या मानसशास्त्रज्ञांनीं पाणबुड्यांच्या भीतीचा अभ्यास करून १९९५ सालीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यांत निम्म्याहून अधिक पाणबुड्यांनीं एकदां तरी घबराट किंवा तिच्या काठावरची अवस्था अनुभविल्याचें नमूद आहे. भीतीनें श्वास जलद व उथळ होतो. उथळ श्वासानें ताजी हवा फुप्फुसांत खोलवर पोहोंचत नाहीं आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायु पुरता बाहेर जात नाहीं. तो सांचला कीं मेंदूस ‘हवा पाहिजे’ अशी हांक मिळते. मनुष्य आणखी घाईनें श्वास घेतो. भीति आणखी वाढते. सिलिंडर भरलेलें असतां जीव गुदमरतो तो या चक्रामुळें. हें चक्र तोडण्याचा उपाय श्वास घेण्यांत नसून श्वास सोडण्यांत आहे. आधीं हालचाल थांबवावी. दोर अथवा सोबत्याचा हात धरावा. लांब व संथ श्वास सोडावा. मग काय बिघडलें याचा विचार करावा. आणि त्यानंतरच कृति करावी. हा क्रम जगभरच्या पाणबुड्यांस शिकविला जातो.

पट्टीच्या पोहणाऱ्याची अडचण आणखी निराळी. नदींत बुडी मारतांना श्वास कोंडावयाचा आणि तो संपला कीं झपाट्यानें वर यावयाचें, ही संवय हाडीमाशीं खिळलेली असते. तीच येथें घातक. आपल्या घरांत पूरक, कुंभक व रेचक हे शब्द मुंज झालेल्या मुलासहि ठाऊक असतात. दादांचा तर प्राणायाम नित्याचा. परंतु पाण्याखालीं कुंभक सर्वथा वर्ज्य आहे. सिंधुदुर्गाचा पाया पडण्यापूर्वीं दोनच वर्षें, १६६२ सालीं, रॉबर्ट बॉइल यांनीं नियम मांडला कीं दाब निम्मा झाला म्हणजे हवेचें आकारमान दुप्पट होतें. समुद्रांत दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें छाती भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर धांवला, तर तीच हवा फुगून फुप्फुस फाटूं शकतें, आणि हवेचे बुडबुडे रक्तांत शिरून मेंदूपर्यंत जाऊं शकतात. हा धोका थोड्याच फुटांच्या खोलीपासूनहि संभवतो. म्हणून श्वास अखंड चालूं ठेवावा व वर येणें सावकाश असावें. पूरक आणि रेचक तेवढे बरोबर न्यावे; कुंभक देवघरांतच ठेवावा!

हें सर्व त्या रात्रीं जेवणानंतर एका वयस्क पाणबुड्यानें आमच्या बिऱ्हाडाच्या अंगणांत बसून समजावून सांगितलें. दादांनीं फारसें विचारलें नाहीं, परंतु सर्व ऐकलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते आपण होऊन म्हणाले, “आज किनाऱ्याजवळ, कमरेइतक्या पाण्यांत, तेवढें मास्कचें पाहूं.” तासभर त्यांनीं एकच गोष्ट केली. मास्कमध्यें मुद्दाम पाणी घ्यावयाचें, मान किंचित् वर करून मास्कची वरची कड कपाळाशीं दाबावयाची, आणि नाकानें श्वास सोडून तें पाणी खालून बाहेर घालवावयाचें. पहिल्या चार-पांच वेळां ते धडपडून उभे राहिले. पुढें उभे राहिनासे झाले. ज्या क्षुल्लक कारणानें काल भीति शिरली होती, त्या कारणाचाच परिचय करून घेतल्यावर तिचा दरारा ओसरला.

दुपारीं होडी पुन्हां निघाली. या वेळीं ते दोरास धरून टप्प्याटप्प्यानें उतरले. प्रत्येक टप्प्यावर थांबून नाक चिमटींत धरून कान मोकळे केले, आणि ठीक असल्याची खूण केली. सुमारें बारा फुटांवर, तळ अजून खालीं असतां, त्यांनीं आंगठा वर केला. चेहऱ्यावर भय नव्हतें. बुडबुडे थांबून थांबून निघत होते. त्यांचें पुरें झालें होतें, इतकेंच. पहिल्या दिवशीं भीतीनें त्यांस वर आणलें. दुसऱ्या दिवशीं ते स्वतः वर आले. तळ त्यांनीं पाहिला नाहीं, आणि आमच्या मतें त्यानें कांहींहि उणें झालें नाहीं.

तेथें जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द. पोट भरलेलें असतां उतरूं नये. प्रत्येकाबरोबर एक स्वतंत्र पाणबुड्या आहे ना, आणि उतरण्यापूर्वीं उथळ पाण्यांत सराव करून घेतात ना, हें आधीं विचारून घ्यावें. घाई करणाऱ्या माणसाबरोबर जाऊं नये. एकदां उतरल्यानंतर किमान बारा तास विमानांत बसूं नये, अनेकदां उतरल्यास अठरा तास. आणि आंबोलीसारखा उंच घाट चढावयाचा असेल, तर ती रात्र किनाऱ्यावर काढून सकाळीं निघणें शहाणपणाचें. पोवळ्यांस हात लावूं नये. तीं जिवंत असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, निघण्यापूर्वींच घरांतल्या घरांत असें ठरवून टाकावें कीं ज्यास वर यावेसें वाटेल त्यानें खुशाल आंगठा वर करावा, आणि त्यास कोणी कारण विचारूं नये. आमच्या घरीं ही खूण आतां समुद्राबाहेरहि रूढ झाली आहे. परवां नातेवाइकांच्या मोठ्या बैठकींत वाद फार चढला, तेव्हां धाकट्या सूनबाईंनीं माजघराच्या दारांतून हळूच आंगठा वर करून दाखविला. दादांनीं तो पाहिला, एक लांब श्वास सोडला, आणि म्हणाले, “चला, पानें वाढा.”