भुजच्या बाजारात, भूकंपानंतर

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी हादरली. त्या दिवशी शुक्रवार होता आणि गावोगावी प्रजासत्ताक दिनाची लगबग होती. अंजारमध्ये शाळकरी मुलांची मिरवणूक अरुंद गल्लीतून जात असताना दोन्ही बाजूंची घरे तिच्यावर कोसळली. भुज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे पाहता पाहता ढासळली. गुजरातेत तेरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सोलापूरचे एक चादरींचे व्यापारी धाकट्या भावासह भुजला गेले. त्यांच्या पेढीचा कच्छशी जुना व्यवहार होता. सोबत टेम्पोत वाटण्यासाठी दोनशे चादरी होत्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही या भावांनी अशीच मदत पोचवली होती. त्यामुळे पडझड त्यांना नवी नव्हती.

सूरजबारीच्या पुलापलीकडे मिठागरे लागली. पुढे भचाऊच्या वाटेवर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. देशभरातून ते मायेने आले होते, पण उचलायला कोणी नव्हते.

भुजमध्ये हमीरसर तलावाच्या काठी उभे राहिले की नुकसानीची कल्पना येई. प्रागमहालाचा घड्याळाचा मनोरा भेगाळला होता. शेजारच्या आयना महालाचीही मोठी हानी झाली होती. तटाच्या आतल्या जुन्या शहरात गल्ल्या आणि घरे यांतला भेदच उरला नव्हता. त्यांचे ग्राहक व्यापारी तटाबाहेर एका हातगाडीपाशी भेटले. गाडीवर ढिगाऱ्यातून काढलेला, झटकून घडी घातलेला माल होता.

"घरची माणसे?" थोरल्या भावाने विचारले.

"आई गेली," ते म्हणाले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

टेम्पोकडे लक्ष जाताच ते म्हणाले, "शेठ, या चादरी येथे उतरवू नका. तुम्ही फुकट वाटल्यात तर माझ्या गाडीवरच्या कोण घेईल? खेड्यांत न्या. तेथे दुकानच उरले नाही. माझा पुतण्या वाट दाखवील."

मग त्यांनी स्वतःहून जुनी बाकी सांगितली. वह्या ढिगाऱ्याखाली होत्या, पण ४१,६०० हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. थोरले भाऊ म्हणाले, "ती रक्कम विसरून जा. आम्ही सोडली."

"सोडू नका," ते म्हणाले. "आज बाकी माफ करून घेतली, तर उद्या नवी उधारी कोणत्या तोंडाने मागू? मला दोन गासड्या माल पाठवा, नव्वद दिवसांच्या मुदतीवर."

धाकट्या भावाला हे धोक्याचे वाटले. दुकान नाही, तारण नाही, जुनी बाकी उभी. त्याने तसे बोलूनही दाखवले. थोरल्याने मात्र सोलापूरला फोन करून माल रवाना करायला सांगितले. मे महिन्यात पहिला ड्राफ्ट आला. संपूर्ण बाकी फिटायला तीन वर्षे लागली.

भद्रेश्वरच्या जगडूशाने दुष्काळात धान्याची कोठारे खुली केल्याची कथा कच्छात घरोघरी सांगतात. जेथे बाजारच उरत नाही, तेथे दानाला पर्याय नसतो. परंतु जेथे एखादा दुकानदार हातगाडीवर का होईना पुन्हा उभा राहिला आहे, तेथे त्याची पत मान्य करणे हीदेखील मदतच असते. त्या मदतीची पावती फाडली जात नाही, फोटोही निघत नाही. पण तिच्यावर एक दुकान, दोन हमाल आणि एक कुटुंब उभे राहते.

आजच्या भुजमध्ये जुन्या शहरातले रस्ते रुंद झाले आहेत. भुजियो डुंगरावर २०२२ मध्ये स्मृतिवन खुले झाले. तेथील लहान बंधाऱ्यांवर मृतांची नावे कोरलेली आहेत. कच्छला जाणाऱ्याने ती नावे सावकाश वाचावीत. मग बाजारात उतरून एखादी बांधणी रोख पैसे मोजून विकत घ्यावी.