ओंकारला, लिलावाच्या सॉफ्टवेअरबद्दल

पुणे, मंगळवार रात्र

चि. ओंकार,


तू पाठवलेले तिन्ही डेमो बघितले. काल ऑफिसातून आल्यावर बसले ती साडेअकरापर्यंत. "मावशी, यातलं कुठलं घेऊ?" असं तू विचारलंस. उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण तू काढू बघतोयस तो पेनी ऑक्शनचा धंदा मी एकदा आतून पाहिलेला आहे, आणि ते तुला किंवा ताईला कधी सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी तुझ्याच आकड्यांचा हिशोब मांडते. मोबाइल 30,000 रुपयांचा. एक बोली 10 रुपयांना विकत घ्यायची. ती लावली की मोबाइलची किंमत 10 पैशांनी चढणार आणि घड्याळ पुन्हा 15 सेकंदांवर येणार; ते शून्यावर आलं की शेवटची बोली ज्याची, वस्तू त्याची. शेवटी तो 600 रुपयांना गेला असं धर. बघणाऱ्याला वाटेल, कुणाचं तरी नशीब फळफळलं. पण 600 रुपयांपर्यंत चढायला 6,000 बोल्या लागल्या, म्हणजे तुझ्याकडे 60,000 जमा झाले. जिंकणाऱ्याने 700 बोल्या लावल्या असतील तर त्यातले 7,000 त्याचे. उरलेले 53,000 रिकाम्या हाताने परत गेलेल्यांचे. लासलगावला कांद्याच्या लिलावात ज्याची बोली कमी पडते तो व्यापारी पुढच्या ट्रॅक्टरकडे वळतो, त्याचा रुपयाही जात नाही. तुझ्या साइटवर हरणाराच पैसे देतो.

आणि तो मध्येच का उठत नाही, हे समजून घे. मार्टिन शुबिक या अर्थतज्ज्ञाने 1971 साली एक खेळ मांडला होता. एक डॉलर लिलावात काढायचा. जिंकेल त्याला डॉलर मिळेल, पण दुसऱ्या नंबरच्यानेही आपल्या बोलीचे पैसे भरायचे. लोक डॉलरसाठी डॉलरहून जास्त मोजायला तयार होतात, कारण आता थांबलो तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात जाईल असं प्रत्येकाला वाटतं. पेनी ऑक्शनमध्ये हीच कळ दाबली जाते, दर 15 सेकंदांनी. 2005 साली जर्मनीत सुरू झालेल्या आणि पुढे स्वूपो या नावाने अमेरिकेपर्यंत पोचलेल्या साइटचे लिलाव नेड ऑगेनब्लिक या अर्थतज्ज्ञाने तपासले. वस्तूंच्या किमतीच्या साधारण दीडपट पैसे गोळा होत होते. तरीही 2011 च्या मार्चमध्ये स्वूपोने दिवाळखोरी जाहीर केली. एकदा पोळलेलं माणूस परत येत नाही, म्हणून अशा साइटला रोज नवी माणसं लागतात.

तुझी अडचण तर त्याही आधीची आहे. पहिल्या महिन्यात तुझ्याकडे माणसं असतील चाळीस-पन्नास. रात्री दोन वाजता तीन जण जागे असले तर तुझा 30,000 चा मोबाइल 12 रुपयांना जाईल. बोल्यांचे जमतील 1,200. असे दहा लिलाव झाले की तुझ्या बाबांनी दिलेलं भांडवल संपलं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, आणि त्यावरचा त्यांचा इलाज त्यांच्या अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये असतो. तू पाठवलेल्या दुसऱ्या डेमोत सेटिंग्जच्या तळाशी 'ऑटो बिडर' असा एक चौकोन आहे. बघितलास का?

मी तो चौकोन बनवलेला आहे. 2010 साली मी ज्या छोट्या कंपनीत होते, तिने परदेशातल्या एका गिऱ्हाइकासाठी अशी साइट बांधायला घेतली होती. सदस्यांच्या टेबलात एक जादा रकाना होता: हा सदस्य खरा की खोटा. खोट्यांची 200 नावं मी भरली. गावं दिली, सदस्य झाल्याच्या तारखा दिल्या, सगळे एकाच दिवशी आले असं वाटू नये म्हणून त्या मागेपुढे केल्या. मालकाने ठरवलेली रक्कम जमेपर्यंत हे 200 आळीपाळीने बोली लावायचे. घड्याळ नेमकं एका सेकंदावर असताना प्रत्येक वेळी बोली आली तर संशय येतो, म्हणून कधी सहा सेकंद उरलेले असताना, कधी दोन, असा फरक मीच घातला. तो चांगला जमला म्हणून साहेबांनी शाबासकी दिली, आणि मला ती आवडली होती. खोटा सदस्य जिंकला तर वस्तू पाठवायचीच नव्हती.

मग एका बाईंची मेल आली. कॅमेऱ्यासाठी त्यांनी 300 डॉलरच्या बोल्या लावल्या होत्या. तक्रार नव्हती. जो जिंकला तो कॅमेरा विकणार असेल तर त्याला माझा निरोप द्याल का, एवढंच विचारलं होतं. जिंकलेलं नाव माझ्या यादीतलं होतं. उत्तर काय द्यायचं ते वरून ठरलं, मी फक्त टाइप केलं. ओंकार, त्या 200 नावांतली काही मला अजून पाठ आहेत.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना रंग, थीम, मोबाइल अ‍ॅप हे सगळं नंतर बघ. पहिल्या डेमोवाल्याने फाइल्स कुलूपबंद ठेवल्या आहेत. आत काय लिहिलंय ते वाचता येत नसेल तर तो लिलाव तुझा नाही, त्याचा आहे. तिसरा त्यातल्या त्यात बरा: घड्याळ सर्व्हरचं चालतं, एकाच क्षणी आलेल्या दोन बोल्यांपैकी आधी कुठली धरायची ते नीट ठरवलेलं आहे, आणि एकदा नोंदलेली बोली अ‍ॅडमिनलाही पुसता येत नाही. हरलेल्याला बोल्यांचे पैसे वळते करून तीच वस्तू दुकानाच्या भावात घेता येते. पण हे सगळं चालू ठेवलंस की वरचा हिशोब तुझ्या अंगावर येतो. प्रामाणिक सॉफ्टवेअर घेतलंस तर रिकाम्या साइटवर तू बुडणार, आणि बुडायचं नसेल तर तो चौकोन टिचकवावा लागणार. तिन्ही डेमो फिरवून मला तिसरी वाट सापडली नाही.

कायद्याचंही बघ. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे भरून, काही जिंकण्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ त्यात बंद केला आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे देऊन घेतलेली बोली त्या व्याख्येत बसते का, हे वकिलाला विचार, आणि त्याच्याकडून लेखी घे. माझ्या मते बसते.

तुला लिलावच करायचा असेल तर साधा कर. नाशकात जुन्या पैठण्या, पितळी भांडी, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं विकू बघणारी माणसं आहेत. एक वार, दोन वार, तीन वार. घेणारा पैसे देईल, बाकीचे घरी जातील, तू तुझं कमिशन घे. त्याचं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहून देईन, पैसे न घेता.

लायसन्सचे पैसे अजून भरले नसशील तर थांब. रविवारी ये. येताना दुसऱ्या डेमोचा पासवर्ड आण, सदस्यांचं टेबल मी तुझ्यासमोर उघडते. ताईला सांग, मेथीचे लाडू पोचले.

तुझी,
मावशी