वहिनींची गच्ची

गेल्या वर्षीं फाल्गुनांत आमच्या नागपूरच्या घराच्या गच्चीवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे काळे तक्ते बसले, आणि आळींत आमच्या कुटुंबाची प्रतिष्ठा एकदम वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंतून अनुदान मिळालें. पुतण्या इंजिनियर, तेव्हां सारी खटपट त्यानें केली. आणि चौदा माणसांच्या घराचें विजेचें बिल पाहतां पाहतां उतरलें. शेजारपाजारचे लोक पाहावयास येत. मीहि त्यांना वर नेऊन, जणूं कांहीं सूर्यच आम्हीं विकत घेतला आहे अशा थाटानें, ते तक्ते दाखवीत असें. ऊन फुकट, धूर नाहीं, राख नाहीं, कोणाचें नुकसान नाहीं! हें शेवटचें वाक्य तर मीं इतक्या वेळां उच्चारलें कीं, तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याची गरजच मला वाटेनाशी झाली.

वैशाखांत एके दुपारीं मी बाहेरून घरीं येतों, तों थोरल्या वहिनी शेजारच्यांच्या जिन्यावरून हातांत परात घेऊन उतरत असलेल्या दिसल्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. ऊन तर असें कीं, कावळादेखील सांवली सोडीत नव्हता.

"वहिनी, या उन्हांत तिकडे कोठें?"

"मुगवड्या वाळत घातल्या होत्या, भाऊजी. आपल्या गच्चीवर आतां ऊन उरलें आहे कोठें? सारें तुमच्या तक्त्यांच्या वांट्यास गेलें."

"मग तुम्ही बोललां कां नाहीं?"

"मला विचारलें कोणीं?" वहिनी शांतपणें म्हणाल्या. "विचारलें असतें तर मीं नको म्हटलें नसतें. वीज मला काय कडू आहे? एवढेंच सांगितलें असतें कीं, टांकीकडची बाजू तेवढी सोडा."

एवढें बोलून त्या आंत गेल्या. त्यांच्या आवाजांत राग नव्हता, म्हणूनच तें बोलणें मला अधिक लागलें. गच्चीच्या कागदपत्रांत वहिनींचें नांव नाहीं हें खरें. परंतु गेलीं पन्नास वर्षें कुरडया, पापड, मुगवड्या आणि आंबोशी त्या गच्चीवर त्यांनींच वाळविली. थंडींत नातवंडांना उन्हांत बसवून तेल त्यांनींच लावलें. चार भिंतींच्या संसारांत आकाश दिसावें अशी त्यांची तेवढीच एक जागा. आम्हीं शहाण्या पुरुषांनीं मोजमाप घेतलें, छाया कोठें पडते तें पाहिलें, आणि कागदावर लिहिलें, "जागा रिकामी आहे." तक्ते बसविणारा तो इंजिनियर तर वहिनींचा पोटचा मुलगा!

याच सुमारास एका लग्नानिमित्त गडचिरोलीस जाण्याचा योग आला. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी अशा वाटेनें गाडी चालली होती. तेंदूचा हंगाम होता. गांवोगांवच्या फडांवर पानांचे पुडे ओळीनें उन्हांत वाळत घातलेले दिसत होते. एरव्हीं मीं तिकडे लक्षहि दिलें नसतें. पण त्या दिवशीं प्रत्येक फड पाहतांना मला वहिनींच्या परातीची आठवण होत होती.

लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशीं यजमानांनीं धानोऱ्याच्या रस्त्यावरील मेंढा (लेखा) या गांवीं आम्हांस नेलें. गोंडांचें हें गांव, उंबरे शंभरएक. परंतु वनहक्कांच्या इतिहासांत याचें स्थान मोठें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं सुमारें १,८०९ हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गांवास २००९ मध्यें मिळाला; आणि २७ एप्रिल २०११ रोजीं तेव्हांचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या समक्ष, बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचें पुस्तक गांवचे पुढारी देवाजी तोफा यांच्या स्वाधीन केलें. ज्या जंगलांत आपलाच बांबू तोडणारा गोंड चोर ठरत असे, त्याच जंगलाचा परवाना आतां त्याची ग्रामसभा लिहूं लागली.

मला अधिक नवल वाटलें तें मात्र दुसऱ्याच गोष्टीचें. या गांवच्या सभेंत मतें मोजीत नाहींत. सर्वांची संमति होईपर्यंत निर्णय होत नाहीं. एकाचें मन वळलें नसेल तर विषय पुढच्या सभेस ठेवतात. बायकाहि सभेस बसतात व बोलतात. एका वृद्ध गृहस्थांना मीं विचारलें, "यांत वेळ फार जात नाहीं काय?" ते हंसले. जातो, म्हणाले, पण मागाहून भांडण्यांत जातो त्याहून कमी. चौदा माणसांच्या सुशिक्षित घरांतला मी कर्ता पुरुष तेथें खालीं मान घालून उभा राहिलों.

या गांवास ही जाग कशी आली याचा इतिहास विजेशींच बांधलेला आहे. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम् येथें मोठीं धरणें बांधून वीज काढण्याच्या योजना पुढें आल्या होत्या. त्या पुऱ्या झाल्या असत्या तर सीमेवरील जंगल व कित्येक आदिवासी गांवें पाण्याखालीं जातीं. १९८३-८४ च्या सुमारास बाबा आमटे, लालशामशहा आणि इतरांनीं "जंगल बचाओ, मानव बचाओ" ही चळवळ उभी केली, आणि धरणें थांबलीं. "आमच्या गांवांत आम्हीच सरकार" ही मेंढ्याची घोषणा त्याच मंथनांतून पुढें निघाली.

पाण्याच्या विजेंतहि धूर नसतो, राख नसते. आमच्या आज्यापणज्यांच्या काळीं तिला "पांढरा कोळसा" म्हणत. माझें आजोळ पुण्याचें. तेथें लहानपणीं मुळशीची गोष्ट मीं पुष्कळदां ऐकली. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीनें मुळशी पेट्यांत धरण बांधावयास घेतलें, आणि १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पुढें सेनापति बापटांनीं तो १९२४ पर्यंत लढविला. आजोळीं ही कथा सेनापतींच्या तेजाची म्हणून सांगितली जाई. तिचा दुसरा भाग मला पुष्कळ उशिरां, पुस्तकांतून कळला. बुडणाऱ्या जमिनींपैकीं पुष्कळ जमीन कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांची होती, आणि भरपाईची रक्कम पदरांत पडतांच बहुतेक सावकार लढ्यांतून बाजूस झाले. ते सावकार आपल्यांपैकींच होते. कसणारा मावळा कागदावर नव्हता, म्हणून त्याला विचारण्याचें कारण कोणास दिसलें नाहीं. जागा "रिकामी" होती!

आतां हिंदुस्थानानें २०३० पर्यंत कोळसा-तेल न जाळतां होणाऱ्या विजेची क्षमता ५०० गिगावॅटपर्यंत नेण्याचें ठरविलें आहे. तें आवश्यक आहे याविषयीं मला शंका नाहीं. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र आज २,९२० मेगावॅटचें आहे; त्याच्या राखेशीं आणि उन्हाळ्याशीं शेजार करणाऱ्यांना कोळशाचे गुण मीं सांगावयास नकोत. परंतु हरित म्हटलेली वीजहि हवेंतून पडत नाहीं. आमच्या तक्त्यांचे पाय लोखंडाचे आहेत, पवनचक्कीचा मनोरा लोखंडाचा आहे. तें लोखंड कोणत्या डोंगराचें, हें आपण विचारतों काय? एटापल्ली तालुक्यांत सुरजागडचा डोंगर आहे. तेथें माडिया लोकांचा ठाकुरदेव आहे. दर जानेवारींत त्याची यात्रा भरते. त्याच डोंगरावर २००७ मध्यें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. पुढें खाण वाढविण्याचें ठरलें तेव्हां, ऑक्टोबर २०२२ मधील लोकसुनावणी झाली ती गडचिरोलीस, एटापल्लीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. वहिनींना गच्चीविषयीं विचारावयाचें, पण तें त्यांना वर्धेस बोलावून!

कायद्यानें विचारण्याची सोय केली नाहीं असें नाहीं. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस मान दिला. २००९ च्या केंद्रीय परिपत्रकानें वनजमीन दुसऱ्या कामास देण्यापूर्वीं ग्रामसभेची संमति हवी असें सांगितलें. २०२२ च्या नव्या नियमांत मात्र केंद्राच्या मंजुरीआधीं ही संमति हातीं असलीच पाहिजे हें बंधन उरलें नाहीं. वनहक्कांचें पाहणें मागाहून राज्यावर सोंपविलें. म्हणजे तक्ते आधीं बसवावयाचे आणि वहिनींना मग विचारावयाचें.

हा दोष एकट्या आपल्याच देशाचा आहे असेंहि नाहीं. नॉर्वेमध्यें फोसेन येथें सामी लोकांच्या रेनडिअर चारण्याच्या रानांत पवनचक्क्या उभ्या केल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, यानें सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला, असा एकमुखी निर्णय दिला. पण चक्क्या फिरतच राहिल्या. पांचशे दिवस लोटले तरी कांहीं घडेना, तेव्हां तरुण सामींनीं सरकारी कचेरींत ठाण मांडलें. तडजोड झाली ती २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या मार्चांत. आधीं विचारलें असतें तर इतकें झालें नसतें.

घरीं परतल्यावर मीं हें सारें पुतण्यास सांगितलें. तो म्हणाला, "काका, प्रत्येकाला विचारीत बसलों तर कोणतेंच काम होणार नाहीं. आणि उष्मा वाढला तर आधीं जंगलांतलाच माणूस मरेल." त्याचें म्हणणें मला टाकून देतां आलें नाहीं. मीं त्याला चंद्रपूर जिल्ह्यांतील पांचगांवची हकीकत सांगितली. २०१२ मध्यें या गांवास जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले. हक्क हातीं येतांच लोक जंगल ओरबाडतील अशी भीति पुष्कळांना वाटते. पण तेंदूसाठीं फांद्या छाटाव्या लागतात व आगी लावल्या जातात म्हणून, पानांचें हातचें उत्पन्न या ग्रामसभेनें आपण होऊन सोडलें. विचारलेला माणूस नेहमीं "नाहीं"च म्हणतो, ही समजूत न विचारणाऱ्यांची आहे. आणि एखाद्या वेळीं तो "नाहीं" म्हणालाच, तर तेंहि ऐकून घेतलें पाहिजे; नाहींतर तें विचारणें कसलें?

त्या रविवारीं आम्ही सारे वहिनींना घेऊन गच्चीवर गेलों. सुनाहि आल्या. वहिनींनीं कमरेवर हात ठेवून सारें नीट पाहिलें. टांकीकडचे तीन तक्ते काढावे असें त्यांनीं सांगितलें, मग पश्चिमेच्या कठड्याकडे बोट दाखवून त्या मुलास म्हणाल्या, "तेथें माझ्या जुन्या कुंड्या आहेत. त्या खालीं ने, म्हणजे दोन तेथें मावतील." एकच तक्ता कमी झाला. बिल थोडें वाढलें. त्याबद्दल कोणीं तक्रार केली नाहीं.

असो. आमच्या घरची गोष्ट इतक्या स्वस्तांत मिटली, कारण तक्त्यांचे पाय खिळ्यांवर होते व ते काढतां आले. बुडालेलें खोरें वा पोखरलेला देवाचा डोंगर असा पान्हा लावून मागें घेतां येत नाहीं. तेथें विचारण्याची वेळ एकच असते, आणि ती आधींची.